मुधोळ दत्तक घेण्याआधी पट्टा आणि कुंपण बघा

महोदय,
पाय दुखावलेले, वय झालेले किंवा ‘राखणीला उपयोगाचे नाही’ म्हणून सोडून दिलेले मुधोळ हाउंड जातीचे कुत्रे घरी आणणारी मंडळी कोल्हापुरात आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही जात आपल्या भागाला परकी नाही. तरीही दत्तक घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात ठरावीक चुका होतात आणि कुत्रे तरी हरवते नाहीतर आजारी पडते.

सगळ्यात घातक चूक पट्ट्याची. मुधोळचे डोके निमुळते, मानेपेक्षा अरुंद. ते घाबरून मागे सरकले की साधा बकलाचा पट्टा कानांवरून सरळ निघून येतो आणि कुत्रे क्षणात दिसेनासे होते. दीड-दोन इंच रुंदीचा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. ओढ बसली की तो आवळतो, पण ठरलेल्या मापापुढे जात नाही. पूर्ण आवळल्यावर आत दोन बोटे जावीत आणि पट्टा कानांवरून निघू नये, इतके माप धरावे. पहिले पंधरा दिवस पट्ट्याला एक आणि हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) एक अशा दोन दोऱ्या लावूनच बाहेर काढावे. रंकाळ्यावर सकाळच्या गर्दीत तर मोकळे सोडूच नये. मांजर, कोंबडी, शेळीचे करडू, काहीही पळताना दिसले की हे कुत्रे हाक ऐकत नाही. नजरेने शिकार हेरणाऱ्या (साइटहाउंड) जातीचा तो स्वभावच आहे. कुंपण सहा फुटांचे हवे, काटेरी तार मात्र नको. कातडी इतकी पातळ की तारेला घासली तरी टाके घालावे लागतात.

दुसरी चूक खाण्याची. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे या जातीत निरोगीपणाचे लक्षण आहे. कमरेची हाडे वर आलेली आणि मांड्या आत गेलेल्या असतील, तर मात्र ती उपासमार समजावी. अशा कुत्र्यापुढे पहिल्याच दिवशी भरलेले ताट ठेवू नये. उपाशी शरीराला एकदम खाणे मिळाले की रक्तातले फॉस्फरससारखे क्षार झपाट्याने घसरतात, त्यात जीवही जातो. नेहमीपेक्षा बऱ्याच कमी खाण्याने सुरुवात करून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि हळूहळू वाढवावे. भात, उकडलेले अंडे, बिनहाडाचे चिकन, थोडे दही चालते. तांबडा-पांढरा रस्सा कालवलेली भाकरी प्रेमाने घातली जाते, पण कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात.

रक्ततपासणी पहिल्या आठवड्यातच करावी, कारण पावसाळ्यानंतर गोचीडताप हमखास दिसतो. इथे एक गंमत आहे, तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण 50 टक्क्यांच्या वर आणि प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात. त्याच धाटणीच्या इतर जातींतही कल तोच. म्हणजे अहवालात ‘नॉर्मल’ दिसणारे 38 टक्के इथे रक्तक्षय असू शकतो, आणि जराशा कमी प्लेटलेटवरून गोचीडतापाचा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच औषध सुरू करावे. नसबंदीच्या वेळी भूल देणाऱ्यांना ‘साइटहाउंड आहे’ हे स्पष्ट सांगावे. अंगावर चरबी नसल्याने थायोपेंटोनची भूल यांच्यात फार वेळ उतरत नाही.

जंताचे औषध वजन करूनच द्यावे, अंदाजाने नको. रेबीजची लस लगेच टोचावी. कातडीखाली मायक्रोचिप (ओळख क्रमांकाची चिप) आहे का तेही पाहावे. 15 अंकी क्रमांक निघाला तर आधीचा मालक सापडू शकतो. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सशामागे कुत्री सोडणे हाही गुन्हाच, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली.

झोपायला जाड गोधडी किंवा गवत भरलेले पोते द्यावे. फरशीवर कोपरांना घट्टे पडून ते चिघळतात.

आणि कुत्रे सुटलेच, तर मागे धावू नये. धावणारा माणूस दिसला की ते आणखी पळते. त्याची गोधडी आणि खाण्याचे भांडे दाराबाहेर ठेवावे, शेवटचे दिसले तिथे पाठ करून खाली बसावे आणि दुसरे एखादे भांडे वाजवावे.

— एक श्वानपालक, कोल्हापूर