सुध्या, आधी माळ, मग गड

जुळे सोलापूर,
श्रावणातला रविवार

प्रिय सुधीर,

तुझी ट्रेकची यादी मिळाली. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, हरिहर आणि वर अलंग-मदन-कुलंग. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "ह्याची बदली सोलापूरला झालीय का नाशिकला?" सप्टेंबरात तू येतोयस, आल्यावर दर महिन्याला सगळ्यांनी मिळून कुठंतरी चालायला जायचं, हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आखणी मी करायची हेही कबूल. पण ती यादी मी बाजूला ठेवली बे. का, ते नीट लिहितो, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

कळसूबाईला इथून जायचं म्हणजे एक रात्र गाडीत, दिवसभर चढ-उतार, परत एक रात्र गाडीत, आणि सोमवारी जो तो आपापल्या टेबलावर डोळे चोळत बसलेला. एकदा जमतं. दुसऱ्या वेळी निम्मे गळतात, तिसऱ्या वेळी ग्रुपवर नुसते अंगठे येतात. दर महिन्याला जायचं तर ठिकाण असं हवं की पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी. शिवाय येणार कोण ते बघ. मंग्याचा गुडघा बोलतो, विजूला चढावर धाप लागते, वहिनी आणि माझी ही आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतील पण त्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि दोन पोरं दहा-बारा वर्षांची. ह्या मंडळींना पहिल्याच फटक्यात हरिहरच्या कातळातल्या पायऱ्यांवर उभं करणं मला तरी पटत नाही.

"सोलापुरात डोंगर कुठायत?" असं तू लिहिलंस. खरंय, शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर बसलंय आणि आजूबाजूला माळच माळ. पण चालायला डोंगरच लागतो असं कुणी सांगितलं? आषाढीला अख्खा महाराष्ट्र आपल्या जिल्ह्यात चालत येतो. कोजागिरीला इथून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर माणसं रात्रभर चालतात, त्यांच्यापैकी कितीजणांनी जन्मात ट्रेकिंगचा बूट घातला असेल?

आणि खरं सांगू, लोकांना एकत्र कसं चालवायचं हे शिकायचं तर दिंडीसारखी शाळा नाही. माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढे कोण आणि रथामागे कोण हे ठरलेलं असतं. मुक्काम कुठं, दुपारचा विसावा कुठं, हे निघायच्या आधीच छापून हातात असतं. जड सामान ट्रकमध्ये, खांद्यावर फक्त लागेल तेवढं. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारानं काठी वर केली की एवढा समुदाय गप्प होतो, आणि मग हरवलं-सापडलं, कुणाची तक्रार, सगळं तिथंच निघतं. आपल्याला हेच करायचंय, लहान प्रमाणात. पुढं एकजण वाट माहीत असलेला, शेवटी एकजण जो कुणालाही मागं सोडणार नाही, आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. शेवटी चालायचं काम तुझं. तुझे पाय लांब आहेत, पुढं ठेवलं तर तू एकटाच पोचशील.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. सह्याद्रीत माणूस पावसाला आणि कड्याला भितो, इथं उन्हाला भ्यावं. मार्चपासून जूनपर्यंत माळावर जायचं नावच काढू नकोस. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो आणि सावली म्हणजे एखादी बाभूळ. ऑक्टोबरची उष्णताही साधी नसते. त्यामुळं आपलं वर्ष सप्टेंबरला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतं. निघायचं उजाडायच्या आधी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अकरानंतर चालायचं नाही, झाडाखाली किंवा देवळात पडून राहायचं. पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात चार. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो, हे पोरांना आधी समजावून सांगायचं. वाटेत विहीर असेल, बोअर असेल, शेतकरी पाणी देईलही, पण त्यावर विसंबून निघायचं नाही.

दुसरी गोष्ट काळी माती. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरातच पडतो, आणि तो पडून गेला की शेतातली पाणंद चालण्यालायक राहत नाही. दहा पावलांत बुटाला किलोभर चिखल चिकटतो, तो झाडला की पुन्हा तेवढाच. म्हणून पावसानंतरच्या आठवड्यात मुरमाड माळाचीच वाट धरायची. पाऊस ओसरला की गवताची कुसळं तयार होतात. लोकरीचे मोजे घातलेस तर संध्याकाळभर ती उपसत बसशील, गुळगुळीत कापडाची पँट घाल. आणि वेड्या बाभळीचा काटा पातळ तळव्याच्या बुटातून आरपार येतो, तेव्हा तुझे ते पुण्यातले पळायचे बूट घरीच ठेव.

तर बेत असा. तू आल्यावर पहिल्या रविवारी हिप्परग्याचा तलाव. इंग्रजांच्या काळात, 1871 च्या सुमारास बांधून झालेला, आपण लहानपणी सायकलवर जायचो तोच. काठाकाठानं चालायचं, नऊपर्यंत परत. ह्याला कुणी ट्रेक म्हणणार नाही, म्हणू पण नये. पण कुणाचे बूट चावतात, कोण न सांगता पुढं पळतं, कोण पाणी आणायचं विसरतं, हे सगळं त्या तीन तासांत कळतं.

मग सप्टेंबरच्या शेवटी नळदुर्ग. तू म्हणशील तो तर पाहिलाय. शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलाय, पाणीमहालाच्या दारात फोटो काढून. पण तटावरून पूर्ण फेरी मारलीय का कधी? ती साधारण तीन किलोमीटर भरते. उपळी बुरुजावर चढून खाली बोरी नदीनं घेतलेलं वळण बघितलं की किल्ला तिथंच का बांधला ते कळतं, आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर धरण घालून त्याच्या पोटात महाल कसा बसवला तेही. पाणी भरपूर असलं तर नर-मादी धबधबे वाहतात, नाहीतर नुसता दगड बघून यायचा. म्हणूनच तारीख मी आधी ठरवत नाही. पाऊस झाला की दोन दिवस आधी कळवीन, तेवढं चालवून घ्या.

येडशीचं रामलिंग मला नळदुर्गापेक्षाही आवडतं. तुळजापूर, धाराशिव ओलांडून गेलं की बालाघाटाच्या कुशीत दरी, खाली महादेवाचं देऊळ, पावसाळ्यात शेजारी धबधबा. अभयारण्य आहे ते, त्यामुळं वाट सोडून रानात घुसायचं नाही. माकडं मात्र फार. खाऊची पिशवी हातात धरलीस की गेली.

नान्नजचं तू विचारलंस. 1979 साली झालेलं माळढोकाचं अभयारण्य ते. आता माळढोक दिसला तर नशीब, पण काळवीट दिसतात, लांडगासुद्धा दिसू शकतो. फक्त तिथं बारा माणसांचा घोळका घेऊन जाणं मला बरोबर वाटत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन चारजण गुपचूप जाऊन येऊ, पोरांपैकी ज्याला पक्ष्यांचं वेड आहे त्याला घेऊन. विजूला नको, तो बोलायचा थांबत नाही.

कोजागिरीला तुळजापूर चालत, हे ज्याला झेपेल त्यानंच. ती रात्र म्हणजे ट्रेक नव्हे, तरी पायांची परीक्षा तिथंच होते. अख्खी वाट नाही जमली तर अर्ध्यातून चाला, कुणी हसत नाही.

थंडी पडली की माणदेश. पंढरपूर ओलांडून म्हसवड, दहिवडीकडून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की महिमानगड आणि पुढं पुसेगावजवळ वर्धनगड. दोन्ही छोटे, चढ बेताचा, गर्दी जवळजवळ नाहीच. मंग्याच्या गुडघ्याची खरी तपासणी इथं होईल. एकाच दिवशी दोन्ही करायचा हट्ट मात्र धरू नकोस. तू धरशील हे मला माहीत आहे.

हे सगळं पार पडलं की डिसेंबरात राजगड, मुक्कामासह. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, पहाटे पुणं, तिथून गाडी करून गुंजवणे. चोरदरवाजानं पद्मावती माचीवर. हिशेब असा धरायचा: सपाटीला तासाला चार किलोमीटर, दर तीनशे मीटर चढाला अर्धा तास जादा, आणि पाठीवर ओझं असलं की त्यावर आणखी थोडं. म्हणजे गुंजवण्यातून वर पोचायला आपल्या मंडळींना तीन तास तरी लागतील. गडावर राहू देतात का, हे निघायच्या आठवड्यात गावात फोन करून विचारायचं, नियम बदलत असतात. नाही म्हणाले तर पायथ्याला गावात मुक्काम. रविवारी दुपारच्या आत खाली उतरलं की संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस मिळते, रात्री आपापल्या अंथरुणात. फेब्रुवारीत उत्साह टिकलाच तर वासोटा. बामणोलीला वनखात्याची परवानगी, कोयनेच्या शिवसागर जलाशयातून होडी, आणि संध्याकाळच्या आत परत, जंगलात मुक्काम नाही.

सामानाचं. पाठीवर दहा किलोच्या वर कुणीही घ्यायचं नाही, पोरांनी त्याच्या निम्मं. तू म्हणशील सोलापूरकर आणि चादर नाही? नाही बे. आपली चादर घरात सोन्यासारखी, पण तिचं ओझं होतं आणि भिजली तर दोन दिवस वाळत नाही. स्लीपिंग बॅग भाड्यानं आणू. खाण्यात मात्र आपला हात कुणी धरू शकत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. शिजवायचं नाही, इंधन नाही, पाणी लागत नाही, कितीही दिवस राहते. भात शिजवत बसणाऱ्या लोकांची गडावर पाण्यासाठी जी धावपळ होते ती बघितली की कळतं, आपल्या आज्यांनी किती विचार केला होता. फक्त कोरडी खाल्ली तर घसा धरते, म्हणून दही नाहीतर कांदा-टोमॅटो बरोबर. रात्री एका स्टोव्हवर हुलग्याचं माडगं. पीठ आई भाजून देणार आहे. स्टोव्ह चौघांत एक पुरे.

माणसं बारा, तेरावं नाही. क्रूझर गाडीत बाराच नीट बसतात, आणि बाराच्या वर गेलं की शेवटच्याला पुढचा दिसत नाही. पैसे आठ दिवस आधी, आणि आयत्या वेळी रद्द केलं तर गाडीचा वाटा परत नाही. हे वाचून प्रकाश चिडेल, चिडू दे. "हो हो, येतो" म्हणणारे पहाटे चारला फोन उचलत नाहीत आणि भाडं उरलेल्यांच्या गळ्यात पडतं.

जोखमीचं थोडक्यात. माळावर घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप असतात, दगडाखाली हात घालायचा नाही, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलंच तर कापणं नाही, दोरी आवळून बांधणं नाही, हात-पाय हलू न देता 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. म्हणून प्रत्येक ठिकाणाजवळचा दवाखाना कुठला ते मी आधीच कागदावर लिहून ठेवणार. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा, रेंज नसली तरी उघडतो. घरी एकाला सांगून जायचं की रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं. आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरवायची. माथा दहा मिनिटांवर असला तरी ती झाली की वळायचं. ह्या एका गोष्टीवर तुझं-माझं भांडण होणार आहे, आताच लिहून ठेवतो.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास काही ठेवू नकोस, गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि कुणीही शहर सोडून येणार नाही. त्यानंतरचा रविवार मंग्याच्या शेतात हुरडा. जायचं मात्र चालत, अंतर फार नाही.

तू एवढं कर. वहिनींना विचारून पहिल्या रविवारचं पक्कं कळव. तुझ्या मेव्हण्याची क्रूझर भाड्यानं मिळते का आणि दिवसाचा दर काय, ते विचार. तुझ्याकडं तो जुना गॅसचा छोटा स्टोव्ह असेल तर सामानात टाक, इथं नवा घ्यायला लावू नकोस. आणि अलंग-मदन-कुलंगला दोराशिवाय, माहीतगाराशिवाय जात नाहीत, तेव्हा ते नाव विजूसमोर काढू नकोस, तो आजच बॅग भरेल.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
महेश