कॅल्शियम कमी नाही, आवरलं जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत ‘हृदय कमकुवत? कॅल्शियम वाढवा’ ही चौकट वाचली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू ते कात्रण घेऊन दारात. काकांना हार्ट फेल्युअर आहे, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय रात्री पडवत नाही. ‘गोळ्या आणू का दुकानातून?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी डॉक्टर नाही. मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, ३१ वर्षं. पण त्या चौकटीत काय राहून गेलंय, ते मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

काजळी धरलेला कागद फिरत्या ड्रमवर चढवायचा आणि बेडकाच्या हृदयाला जोडलेली लेखणी त्यावर टेकवायची. द्रावणातलं कॅल्शियम काढलं की रेघ बुटकी होत होत सपाट. कॅल्शियम क्लोराइडचे चार थेंब घातले की पुन्हा उभी. इथवर चौकट बरोबर. पण एखाद्या उत्साही मुलाने जास्त ओतलं की हृदय आकसायचं ते आकसलेलंच राहायचं, सुटायचंच नाही.

कॅल्शियमचं हे महत्त्व कळलं तेही चुकीतूनच. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर समजत होते, की आपलं मिठाचं द्रावण शुद्ध पाण्याचं आहे. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात केलेलं निघालं आणि हृदय चालत होतं त्या पाण्यातल्या कॅल्शियमवर. १८८३ साली त्यांनी स्वतःच ही दुरुस्ती छापली. सलाईनच्या बाटलीवरच्या ‘आरएल’मधला (रिंगर लॅक्टेट) आर तो हाच.

आता माणसाचं आजारी हृदय. दर ठोक्याला पेशीत बाहेरून थोडं कॅल्शियम शिरतं, त्याच्या इशाऱ्यावर आतल्या कोठारातून बरंच सुटतं आणि स्नायू आकसतो. तो सैल पडायचा तर ते सगळं लगेच आवरायला हवं. बहुतेक परत कोठारात ओढणाऱ्या पंपाला सर्का म्हणतात. निकामी होत चाललेल्या हृदयात हा पंप मंदावतो, कोठारही गळतं. १९८७ साली ज्युडिथ ग्वाथमी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या हृदयांतल्या स्नायूच्या पट्ट्या तपासल्या. जेलीफिशमधलं एक प्रथिन कॅल्शियम लागताच उजळतं, ते त्यांनी पेशींत घातलं. आजारी स्नायूत तो उजेड विझायला वेळ लागत होता, आणि पट्टी सैल पडायलाही.

म्हणजे दुखणं दुहेरी. हृदय नीट सैल पडत नाही म्हणून भरत नाही. कोठार अर्धवट म्हणून पुढचा ठोका दुबळा. निरोगी हृदयाचे ठोके वाढले की आकसण्याचा जोर वाढतो, इथे उलट कमी होतो, कारण आवरायला उसंतच नाही. पंपाचं जनुक हृदयात पोचवून बघितलं, २५० रुग्णांच्या चाचणीत. २०१५ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. जिथे हे जमलं नाही तिथे गोळी काय करणार? तोंडाने घेतलेलं कॅल्शियम रक्तात येतं, पेशीतला पंप त्याने दुरुस्त होत नाही. रक्तातलं कॅल्शियम खरोखरच फार खाली गेलं असेल तर ते द्यावंच लागतं. हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही माझं पत्र वाचून कुणी बंद करू नये.

काकूंची पिशवी उपडी केली तर त्यात डिगॉक्सिन निघालं. हे औषध पेशीतलं कॅल्शियम वाढवूनच हृदयाला जोर देतं, आणि रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं तर तेच अंगावर उलटू शकतं. काकूंना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. कात्रण मात्र त्यांनी परत घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तेव्हा दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, म्हणजे तीही कापून त्यांच्या हातात देता येईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज