मोजणीकाका, जमीन आपली झाली

आदरणीय मोजणीकाका,

सा. नमस्कार.

मागच्या आठवड्यात फेरफार नोंद मंजूर होऊन आली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपल्या रेल्वे संग्रहालयाच्या ट्रस्टचं नाव दिसलं आणि मी पहिला फोन तुम्हाला लावला. तुम्ही म्हणालात, "छान. आता चारही कोपऱ्यांचे दगड पक्के करून घ्या," आणि फोन ठेवून दिलात. आभार मानायची संधीच दिली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांसमोर. जमिनीसाठी ज्यांनी पाचशे-हजारापासून पुढे जमेल तसे पैसे दिले, त्यांना कळायला हवं की त्यांचे पैसे बुडता बुडता कुणामुळे वाचले. नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, ते पाळते. आमच्यात तुम्ही मोजणीकाकाच आहात.

ज्यांना आपलं संग्रहालय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बडोद्याला डभोई रस्त्यापासून आत एका जुन्या गोदामात आम्ही दर रविवारी जमतो. निवृत्त गार्ड, वर्कशॉपमधले दोन फिटर, रुळांच्या देखभालीत जन्म घालवलेले एक मुकादम, इंजिनिअरिंगची तीन-चार मुलं आणि बँकेतून निवृत्त झालेली मी. पगार कुणालाच नाही. प्रतापनगरला रेल्वेचं स्वतःचं वारसा संग्रहालय आहे आणि ते बघण्यासारखं आहे. आमची हौस जरा वेगळी. आमच्याकडे मुलांनी वस्तूंना हात लावायचा. सिग्नलचा दांडा ओढायचा, हातदिव्याची काच फिरवून लाल-हिरवा करायचा, जाड पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारखेचा ठोका मारायचा. बॉल टोकनचा लोखंडी गोळा तळहातावर घेतला की मुलं एकदम गप्प होतात, कारण तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. एकेरी मार्गावर हा गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी पुढे काढता येत नसे. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रं तारेनं अशी जोडलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून केवढी साधी आणि केवढी पक्की सोय! हे मी शंभरदा सांगितलं असेल, तरी दर रविवारी सांगताना अंगावर काटा येतो.

आणि आमची ढकलट्रॉली, रूळ तपासायला निघणाऱ्यांची हातगाडी. तिची गंमत उभी करून दाखवण्यात नाही, ती चालवावी लागते. दोन ट्रॉलीमन मागून ढकलत, पाय रुळावर टाकत पळतात आणि वेग आला की उडी मारून मागे बसतात. आमच्या जागेत रूळ होता चाळीस फूट. वेग येतो न येतो तोच रूळ संपायचा. पोरं वळून विचारायची, "संपलं?" हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षं ऐकला, काका. जागा वाढवायचं ठरलं ते त्या "संपलं?"मुळेच.

नॅरोगेज बडोद्यानं जपली नाही तर कुणी जपायची? १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी सुरू झाली आणि ती ओढायला बैल होते. इंजिन आणलं तरी रूळ हलके, म्हणून पुढे बरीच वर्षं बैलच जुंपले जात. जड रूळ पडले तेव्हा कुठे इंजिनं रुळली. पुढे गायकवाडांची ही रेल्वे डभोईहून चहूकडे पसरली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ती बी.बी. अँड सी.आय., म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत. आता डभोईहून मोठ्या रुळावरची गाडी थेट केवडियाला जाते. ते चांगलंच झालं, लोकांची सोय झाली. पण माझी आजी ज्या गाडीनं चांदोदला जायची ती गाडी कशी होती हे नातवंडांना दाखवायला काहीतरी उरायला हवं की नाही? आजी टेंबेस्वामींची भक्त. चांदोदला नर्मदास्नान, तिथून पुढे गरुडेश्वरला समाधीचं दर्शन. परतताना नर्मदेच्या पाण्याचा तांब्या ती दोन पावलांच्या मध्ये धरून बसायची. गाडी हेंदकाळली तरी थेंब सांडू द्यायची नाही. घरी ती त्या गाडीला "आपली छोटी" म्हणायची. तो तांब्या आज आपल्या कपाटात आहे, तुम्ही पाहिलात.

तर जमीन. तुम्ही आलात तेव्हा आम्ही इसार द्यायच्या बेतात होतो. गोदामापासून थोड्या अंतरावर एक चौकोनी प्लॉट मिळत होता, दीडशे फूट बाय दीडशे फूट, छान सपाट. एका दलालानं आणलेला. "कागद एकदम साफ आहेत," तो म्हणाला होता आणि आम्ही मानलं होतं, कारण आमच्यात सिग्नल कळणारे पुष्कळ, सातबारा कळणारं कुणी नव्हतं. आपल्या गार्डसाहेबांच्या ओळखीनं तुम्ही नुसते चहाला आलात. उतारा मागितलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि कागद डोळ्यांजवळ नेलात. सगळा उतारा नाही वाचलात. एकाच ठिकाणी बोट ठेवलंत. नवी शरत.

त्या दोन शब्दांचा अर्थ तुम्ही समजावलात तेव्हा माझे हात गार पडले. अशी जमीन कलेक्टरांची परवानगी घेऊन, प्रीमियम भरूनच विकता येते. शिवाय ती शेतजमीन, आणि गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घ्यायची तर तीही परवानगी वेगळी. आमचा ट्रस्ट काही शेतकरी नव्हे. इसार देऊन बसलो असतो तर लोकांचे पैसे किती वर्षं अडकले असते, देव जाणे.

पण मला सगळ्यात आठवतं ते त्यानंतरचं. कागद बाजूला ठेवून तुम्ही मुकादमांना विचारलंत, "तुमची गाडी किती वळते?" मुकादम म्हणाले, नॅरोगेजचं वळण जास्तीत जास्त चाळीस डिग्री, म्हणजे त्रिज्या चव्वेचाळीस मीटर. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आकडा मांडलात. त्रिज्या चव्वेचाळीस, म्हणजे पूर्ण फेरी मारायला अठ्ठ्याऐंशी मीटर, जवळजवळ दोनशे नव्वद फूट जागा हवी. प्लॉट दीडशेचा. फेरी बसत नाही. मग सरळ रूळ? कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका टाकला तरी दोनशे दहाच्या आसपास. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "तुम्हाला जमीन हवी आहे की रूळ? रुळाला लांबी लागते."

कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं आम्ही "जागा, जागा" करत होतो आणि ती कुठल्या आकाराची हवी हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही गोदामाच्या मागच्या दारात जाऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "ही कुणाची?"

ती पट्टी आम्ही रोज पाहत होतो. बाभळी, टायरं, प्लास्टिक. एवढी चिंचोळी की घरं बांधायला कुणी घेईना. तुम्ही सांगितलंत, अशा पट्ट्या वाटणीतून होतात. प्रत्येक भावाच्या हिश्शाला रस्ता लागला पाहिजे म्हणून बाप शेत उभं चिरतो. दुसऱ्याच दिवशी तुम्ही तलाठ्याकडून उतारे काढून आणलेत. जुनी शरत, म्हणजे विकायला ती परवानगी नको. त्यातही हा हिस्सा मूळ मालकानं गोदाम बांधायचं म्हणून हयातीतच बिनशेती करून ठेवलेला, गोदाम मात्र झालंच नाही. रुंदी तेहतीस फूट, लांबी सहाशे साठ. वीस गुंठे, इथल्या मापानं विघा भरायला थोडे कमी. क्षेत्र जवळजवळ त्या चौकोनी प्लॉटएवढंच, आणि रूळ तिप्पट!

मालक वारले होते. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी, पण वारसाईत मुलीचं नावच चढवलेलं नव्हतं. मुलगे भली माणसं, त्यांच्या मनात खोट नव्हती. "बहीण काही म्हणणार नाही, आम्ही दोघं सही करतो," म्हणाले. आमच्यातल्याही काहींना वाटलं, कशाला लांबवा. मीही त्यांतलीच, हे इथे कबूल करते. तुम्ही एकटे अडून बसलात. "बेनची सही नसेल तर ही जमीन तुमची नाही," असं म्हणालात. मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे हे कायदा सांगतोच, पण तुम्ही कायद्याचं कलम सांगत नव्हता, तुमचा आवाज चढला होता. वारसाई दुरुस्त व्हायला चार महिने गेले. बेन सुरतेहून आल्या, सही केली, हिश्शाचे पैसे मोजून घेतले, घ्यायलाच हवे होते. एवढंच म्हणाल्या की टोकाचा कडुनिंब वडिलांनी लावलेला आहे, तो ठेवा. मुकादमांनी त्याच संध्याकाळी आखणी सहा फूट डावीकडे सरकवली.

मोजणीचा दिवस मी विसरणार नाही. पौषातली सकाळ, शेजारच्या तुरीवर दव. तुम्ही खांद्यावरच्या पिशवीतून ती साखळी काढलीत. टेप होती, पोरांच्या मोबाइलमध्ये नकाशा होता, तरी तुम्ही शंकू साखळी आणली होती. तेहतीस फूट, सोळा आणे, म्हणजे सोळा भाग. एक साखळी रुंद, एक साखळी लांब म्हणजे एक गुंठा, हे मी शाळेत पाठ केलं होतं, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. पट्टी बरोबर एक साखळी रुंद! इंजिनिअरिंगच्या मुलाला तुम्ही एक टोक धरायला दिलंत आणि म्हणालात, "ताण, पण ओढू नकोस." वीस वेळा साखळी पडली. विसाव्याला तुम्ही थांबलात, पायानं माती उकरलीत आणि म्हणालात, "इथे मारा." कुदळ दोन वेळा मातीत गेली. तिसऱ्यांदा ठण्ण. वीतभर खाली हद्दीचा दगड होता, वर पुसट झालेली फुली. शेजारच्या शेतकऱ्यानं इतका वेळ कपाळाला आठ्या घालून पाहिलं होतं. तो पुढे आला, फुलीवर हात फिरवला आणि घरातून सगळ्यांसाठी चहा आणवला. हद्दीचा वाद व्हायच्या आधीच मिटला.

पुढचं भराभर झालं. दस्तावेज करताना स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, ही रक्कम जमिनीच्या किमतीबाहेर बाजूला काढून ठेवा असं तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून अडलं नाही. मग १३५-डीची नोटीस, म्हणजे फेरफारावर कुणाची हरकत असेल तर कळवा अशी, तीस दिवसांची वाट, आणि नोंद मंजूर. ट्रस्टच्या मालमत्तेत भर पडली हे कळवणारा चॅरिटी कमिशनरकडचा बदल अहवाल नव्वद दिवसांत जायला हवा, तो मी भरते आहे. मानधनाचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. तिसऱ्यांदा दिलं तर येणं बंद करीन म्हणालात, म्हणून आता देत नाही.

१९५१ साली वेल्समध्ये टॅलिलिन नावाच्या छोट्या रेल्वेवर स्वयंसेवकांनी पहिल्यांदा गाडी चालवली आणि ती आजही चालते. आमच्या गार्डसाहेबांनी तिचं चित्र गोदामात लावलं आहे. त्या चित्राकडे मी आजवर लांबूनच पाहत होते. आता आपल्याकडे सहाशे फूट आहेत. आधी ट्रॉलीचा रूळ. मग पावसापासून बचावाला शेड, दरवर्षी ताडपत्री बांधून आमचे हात सोलतात. आणि कधीतरी नॅरोगेजचा एक डबा, लाकडी बाकांसकट, ज्यात आजीचा तांब्या ठेवता येईल. घाई करणार नाही. जागा आहे हे कळल्यावर घाई उरतच नाही.

शंकू साखळी तुम्ही संग्रहालयाला देऊन टाकलीत. तिचा फलक लिहून ठेवला आहे. "शंकू साखळी, ३३ फूट, १६ आणे. याच साखळीनं ही जमीन मोजली." खाली नाव नाही, तुम्ही सांगितलंत तसं. फलक लावण्याआधी एकदा पाहून द्या.

येत्या रविवारी सकाळी सातला रुळाखालचे पहिले स्लीपर मांडायचे आहेत, कडुनिंबाच्या बाजूनं. बेनही सुरतेहून येणार आहेत. काकूंना घेऊन या. नाश्त्याला पोहे आहेत, तुमच्यासाठी बिनमिरचीचे वेगळे काढते.

आपली,
संग्रहालयाच्या सर्व स्वयंसेवकांच्या वतीनं,
बँकेतली ताई
बडोदे