शस्त्रक्रियेनंतरही तपासणी आवश्यकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखात, निरोगी असताना दोन्ही स्तन काढून घेतले की कर्करोगाची भीती कायमची संपते, असे विधान वाचले. आमची आई आणि मावशी याच आजाराने गेल्या. धाकट्या बहिणीच्या बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळल्यावर तिने दोन वर्षांपूर्वी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे या विधानाकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

हा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होऊ शकतो आणि शस्त्रक्रियेमुळे तो धोका ९० टक्के किंवा त्याहून अधिक घटतो, हे खरे. पण तो शून्य होत नाही. स्तनाच्या ग्रंथी कातडीलगत, छातीच्या स्नायूवर आणि थेट काखेपर्यंत पसरलेल्या असल्याने, हात कितीही निष्णात असला तरी त्यांचा अंश मागे राहतोच. लेखात जिचा दाखला आहे त्या हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीनेही २०१३ मध्ये आपला धोका ८७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आल्याचेच लिहिले होते. शिवाय याच दोषामुळे बीजांडकोशाच्या कर्करोगाचाही धोका असतो आणि तो स्तन काढल्याने कमी होत नाही. जोलीने २०१५ मध्ये बीजांडकोशही काढून घेतले, याचा लेखात उल्लेख नाही.

गेल्या गणपतीत बहिणीच्या टाक्यांच्या व्रणाजवळ हाताला गाठ लागली. गुहागरच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती आणि "सगळं काढूनच टाकलंय, आता कसला कॅन्सर?" असे घरातलीच मोठी माणसे म्हणत राहिली. विसर्जन झाले, चाकरमानी परतले, आणि मगच ती मुंबईला गेली. गाठ चरबीची निघाली. पण ते तीन आठवडे तिने कसे काढले, ते मी जवळून पाहिले आहे.

या शस्त्रक्रियेनंतर मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) सहसा गरज पडत नाही, म्हणून डॉक्टरांकडून ठरल्या वेळी होणारी हाताची तपासणी आणि व्रणाजवळ किंवा काखेत काही नवे जाणवताच ते दाखवणे, हेच महत्त्वाचे उरते. आपली पुरवणी आमच्या भागात घरोघरी वाचली जाते आणि छापून आलेल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. तरी पुढील अंकात, लेख छापला त्याच जागी, ही दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)