दोन डोळे, दोन रंग आणि बुधवारचा बाजार

प्रिय मुली,

मायन्यात तुझं नाव नाही, कारण तूच नको म्हणालीस. "काकू, नाव टाकू नका हं. शेठ वाचतील आणि म्हणतील, ही गिऱ्हाइकांना कमी घ्यायला सांगते." सांगतेसच की! म्हणून तर हे पत्र.

गेल्या मे महिन्यात मी नाशिकच्या मेन रोडवरच्या तुमच्या त्या अरुंद दुकानात शिरले ती टिकल्यांची पाकिटं आणि साडीच्या पिना घ्यायला. पुतणीचा साखरपुडा दहा दिवसांवर आला होता. आईची येवल्याची पैठणी नेसायची ठरली होती, डोक्यात मॅचिंग टिकलीपलीकडे काही नव्हतं. पण काचेखाली आयशॅडोच्या डब्या उघड्या मांडलेल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघतेय हे माझ्याआधी तुला कळलं.

"लावून बघायचंय का?"

"छे गं, आता माझं काय वय…"

तू वाक्य पुरं होऊच दिलं नाहीस. 'तुमचं कुठे वय झालंय' असलं खोटं गोडही बोलली नाहीस. सरळ विचारलंस, "लेन्स लावता? डोळ्याला आधी कधी त्रास झालाय?"

झाला होता ना! तीन वर्षांपूर्वी एका लग्नात एका पार्लरवालीने माझ्या पापण्यांवर चमकी थापली होती. त्यातला एक कण डोळ्यात गेला. सबंध रिसेप्शनभर मी डाव्या डोळ्याने रडत होते आणि लोकांना वाटलं, काकू मुलीच्या पाठवणीने हळव्या झाल्यात. मुलगी माझी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, थेंब आणि शाळेत दोन दिवस रजा. त्यानंतर काजळाच्या पुढे मी गेले नाही. हे सगळं ऐकून तू चमकीच्या बाटल्या उचलून खालच्या खणात टाकल्यास. म्हणालीस, "ही प्लॅस्टिकची कापलेली टिकली, काकू. तुम्ही बघत होतात ते शिमर. ते अभ्रक."

अभ्रक! सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतेय मी. खनिजांच्या पेटीतला तो पापुद्रे सुटणारा तुकडा दर वर्षी मुलांच्या हातात देते. आणि तो माझ्या पापणीवर बसू शकतो हे मला एका काउंटरवर कळलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी भिंग घेऊन डबीमागची बारीक अक्षरं वाचत बसले. सी.आय. म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्यांना दिलेले क्रमांक. ७७०१९ म्हणजे अभ्रक. ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा, हे तिन्ही लोहाचे ऑक्साइड. जगातले बहुतेक सगळे तपकिरी, विटकरी, चॉकलेटी आयशॅडो या तिघांच्या कमीजास्त मापाने होतात. म्हणजे आपला गेरूच की! आजी तुळशीवृंदावन सारवायची तो. टाल्क म्हणजे शंखजिरं, मोहच्या मापावर कठीणता १, सगळ्यात मऊ. ७७००७ ही तर नीळ. पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या पुडीत असायची तीच. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत, तो सोन्याच्या भावाने जाई. १८२८ साली फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाला तो भट्टीत बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि नीळ स्वस्त झाली. (७५४७० दिसला की मात्र मी डबी खाली ठेवते. तो किरमिजी रंग किड्यांपासून काढतात. एकादशीला ते नको वाटतं. बाकीच्या दिवशी का चालावं, हा प्रश्न सासूबाईंनी विचारलाच.)

विषयांतर झालं. शिक्षकांना माफ असतं.

तर तू माझ्या मनगटावर पट्टे ओढून दाखवले नाहीस. मी हात पुढे केला तर म्हणालीस, "हातावर सगळंच छान दिसतं. हात सपाट, कोरडा. पापणी तेलकट, वर घडी पडणारी. तिथेच बघायचं." डबीचा वरचा थर टिश्यूने खरवडून टाकलास, नवी कापसाची काडी घेतलीस. उजव्या पापणीवर ब्राँझ रंगाचं क्रीम, नुसतंच. डाव्या पापणीवर आधी प्रायमरचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या लेपाचा, तांदळाएवढा ठिपका, मग त्यावर मॅट, म्हणजे बिनचमकीची, तपकिरी पूड. आणि म्हणालीस, "आता जा. बाजार करा, उन्हात फिरा. पाच वाजता या. तोवर काही विकणार नाही मी."

मी म्हटलं, अगं, हा प्रयोगच चुकीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, तू दोन बदलल्यास.

"मला उत्तर माहितीये, काकू. हा प्रयोग तुमच्यासाठी आहे."

बुधवार होता. पिशवी घेऊन सराफ बाजारातून तशीच खाली गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उतरले. नाशिकचा मे, दुपारचे दोन, घाटावरच्या बाजारात ताडपत्र्यांखाली नुसती वाफ. एक डोळा ब्राँझ, एक तपकिरी. कांदे घेताना बाई माझ्याकडे बघेना, मापाकडे बघेना, पापण्यांकडेच बघत राहिली. शेवग्याच्या शेंगांपाशी आमच्या सोसायटीतल्या वहिनी भेटल्या. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाल्या, "डोळ्याला काय लागलंय? पडलात का?" कुठल्या डोळ्याला, असं मी विचारल्यावर त्या आणखीच घाबरल्या. रसवंतीच्या आरशात बघितलं तर तोपर्यंत उजव्या पापणीचं क्रीम वितळून घडीत गोळा झालं होतं, एक जाड चकचकीत रेघ, बाकी पापणी उघडी. डावीकडची पूड मात्र जिथल्या तिथे. घाम कपाळावरून गालावर आला, पण ती हलली नव्हती.

पाच वाजता परत आले तेव्हा तू हसली नाहीस. कारण सांगितलंस. पापणीचं तेल रंगाला सैल करतं आणि दर उघडझापीला घडी तो आत ओढते. प्रायमर तेल आणि रंग यांच्यामध्ये उभा राहतो. मीही माझं थोडं ज्ञान पाजळलं, की अशा क्रीममध्ये मेण, तेल आणि उडून जाणारं सिलिकॉन असतं. सिलिकॉन उडालं की रंग बसतो, पण खाली तेलाचा पाझर चालूच राहिला तर बसणार कसा? तू म्हणालीस, "तेच म्हटलं ना मी."

हेही सांगते, क्रीम वाईट नाही. मे महिना वाईट होता. डिसेंबरात तुझ्याकडून तेच ब्राँझ क्रीम नेलं. सकाळी दात वाजत शाळेत जायचं, पापण्या कोरड्या ठाक. त्या दिवसांत मॅट पूड लावली की भस्म फासल्यासारखी दिसायची आणि क्रीम बोटाने एकदा फिरवलं की दुपारपर्यंत मलईसारखं बसायचं.

पण तुझे खरे आभार त्यानंतरच्या दहा मिनिटांसाठी.

पैठणीचा रंग सांग म्हणालीस. मी म्हटलं, मोरपंखी, पण पक्का मोरपंखी नाही, धूपछाव आहे. पदर हलला की जांभळा मारतो. तू खणातून एक सुटी डबी काढलीस. सरळ बघितली तर हिरवट निळी, तिरकी केली तर जांभळी. "ड्युओक्रोम म्हणतात याला." माझ्या पापणीवर बोटाने लावलीस तर काहीच दिसेना, नुसती फिकी ओलसर चमक. माझं तोंड उतरलं. तेव्हा तू तुझ्या खिशातली काजळाची कांडी काढलीस, टोक पुसून माझ्या पापणीवर दोन रेघा मारल्यास, बोटाने पसरवल्यास, पार काळं. आणि त्या काळ्यावर तीच पूड पुन्हा टेकवलीस.

आरशात मोराची मान उतरली होती गं.

मी घरी येऊन रात्री विचार करत बसले, असं का झालं. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कोन बदलला की दुसरा रंग वर येतो. डबीत दोन रंगच नाहीत. अभ्रकाच्या कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि त्या थराच्या जाडीवर कुठला रंग परत फिरणार ते ठरतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे रंग. उरलेला प्रकाश थरातून आरपार जातो. खाली गोरी किंवा गव्हाळ पापणी असली तर ती तो परत पाठवते आणि सगळं धुऊन निघतं. खाली काळं असलं तर ते तो गिळून टाकतं आणि नुसता मोर उरतो. नववीच्या वर्गाला साबणाचा फुगा दाखवत मी किती वर्षं हे शिकवलंय! आता फुग्याच्या आधी मी स्वतःचे डोळे मिटून दाखवते. मागच्या बाकांवरच्या मुलीही पुढे येतात.

त्या दिवशी तू मला तीनच वस्तू दिल्यास: प्रायमर, मॅट तपकिरी आणि ती मोरपंखी डबी. मी अठरा रंगांच्या पॅलेटकडे बोट दाखवलं होतं. "त्यातले चौदा तुम्ही कधीच लावणार नाही. फिके रंग आपल्या कातडीवर खडूसारखे दिसतात, आणि बाकीचे तुम्हाला आवडत नाहीयेत, फक्त एका ओळीत छान दिसतायत." असं गिऱ्हाइकाला कोण सांगतं? कॉलेज रोडवरच्या एका चकाचक दुकानात नंतर मला कोणी असं सांगितलं नाही आणि त्याचं फळ अजून कपाटात पडून आहे.

तुझे बाकीचे धडे चालू आहेत. तपकिरी रंग डोळे उघडे ठेवून, आरशात समोर बघत, घडीच्या जरा वर लावायचा, नाहीतर माझ्यासारख्या झुकत्या पापणीखाली तो दिसतच नाही. हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर! मॅट ब्रशने, धातूसारखे चमकणारे बोटाने. डोळे आधी, चेहरा मागून, म्हणजे सांडलेली पूड पुसता येते. आणि एक चूक कबूल करते. एकदा तेलकट बोट डबीत घातलं आणि पुडीवर कडक चकचकीत साय धरली, ब्रशला काही लागेना. मला वाटलं डबी गेली. तू फोनवर म्हणालीस, चिकटपट्टी लावून उचला. निघाली.

रंगपंचमीचं सांगायचं राहिलंच होतं. तू तिवंधा चौकाच्या बाजूला वाढलेली, तुमची रहाड (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो दगडी हौद) पिवळी. "आमच्याकडे रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारून वर आलेला माणूस आठ दिवस पिवळा हिंडतो, काकू, आणि तुम्ही पापणीएवढ्या पिवळ्याला भिता?" भीत होतेच. पिवळी आयशॅडो म्हणजे कावीळ, असं माझं पक्कं मत होतं. तरी त्या सकाळी तपकिरीच्या कडेला, अगदी आतल्या कोपऱ्यात, हळदीएवढी टेकवली. ह्यांनी चहा देताना दोनदा बघितलं आणि विचारलं, "झोप छान झाली का?" याला मी दाद समजते.

साखरपुड्याचे फोटो तू बघितलेस, त्यात मी प्रत्येक फोटोत डोळे मिटलेत. पुतणी चिडली. मुद्दाम मिटलेत हे तिला सांगितलेलं नाही.

आता कामाचं. क्रीमच्या डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि आत १२एम लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने, म्हणजे ती डिसेंबरपर्यंत चालेल. पण मोरपंखी डबीच्या मधोमध परवा तळाचा पत्रा दिसला. रुपयाएवढा गोल, चकचकीत. तू म्हणाली होतीस, पत्रा दिसला की सांगा, फार थोड्या गिऱ्हाइकांच्या डबीत तो दिसतो. म्हणून सांगतेय. बुधवारी येते, आधी तुझ्याकडे आणि मग बाजारात. या खेपेला कुठल्या डोळ्यावर काय लावायचं ते तू ठरव. वहिनींना मी आधीच कळवून ठेवलंय की मी पडलेली नाही.

तुझी,
मोरपंखी काकू