गावभागातलं घर आणि चाचा, तुमचे आभार

चाचा, सलाम.

खरेदीखत झालं, हे आईने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण सांगलीत आमच्या गावभागासारख्या जुन्या वस्तीत घर विकायला काढणाऱ्यांना तुमचं काम कळायला हवं. तुम्ही रंगारी म्हणून आलात आणि निम्म्याहून जास्त काम रंगाचा डबा न उघडता केलंत. तुमची नात हे मोबाइलवर वाचून दाखवेल, असं आई म्हणते.

बाबा गेल्यावर आईला पुण्याला न्यायचं ठरलं आणि घर विकायचं म्हटल्यावर जो तो सल्ला देऊ लागला. एका एजंटने तर यादीच दिली. पुढच्या खोलीला पीओपी करा, शहाबादीवर टाइल बसवा, भिंतींना खालून चार फूट ऑइलपेंट मारा म्हणजे ओल दिसणार नाही. आणि गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय पुराचा विषय काढू नका. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत. मग खरवडणीच्या मुठीने भिंती ठोकत घरभर फिरलात आणि जिथे जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केलीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या मधल्या खोलीत छातीइतकं पाणी होतं. पूर ओसरल्यावर घाईघाईत भिजलेला चुन्याचा गिलावा काढून तिथे सिमेंटचा झाला. तुम्ही आईला शांतपणे समजावलंत, की जुनी वीट आणि चुना ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग पाणी भिंतीत वर चढून वाट काढतं, लोणा म्हणजे खारट पांढरी पूड धरते, रंगाच्या खपल्या पडतात. त्यावर ऑइलपेंट मारला तर भिंत थोडे दिवस चकचकीत दिसेल, पुढे फुगे येतील. "घेणारा राहायला आल्यावर फुगे आले, तर तो कुणाचं नाव घेईल, भाभी?" एवढंच विचारलंत.

गवंडीही तुम्हीच आणलात. सुटलेला गिलावा तेवढाच काढून चुन्यात भरून घेतलात, आणि मग थांबायला सांगितलंत. भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवलात. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, म्हणून परत गेलात. पितृपक्षात तसंही कुणी घर बघायला येत नाही, दसऱ्यापर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, वारं लागू द्या, म्हणालात. रोजच्या कामावर घर चालवणाऱ्या माणसाने हातातलं काम आपणहून पुढे ढकललं, याचं मोल मला कळतं. शेवटी ओल गेल्यावर चुन्याचाच हात मारलात, किंचित पिवळसर. त्या रंगात मधली अंधारी खोलीसुद्धा उजळली.

शहाबादीवर टाइल बसवू दिली नाहीत, आणि बाथरूमच्या ॲसिडने ती धुवायलाही मनाई केलीत. ती चुनखडीचीच फरशी, ॲसिडने तिचं तोंड जळतं. साबणाच्या पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासल्यावर खालून जो निळसर करडा रंग वर आला, तो मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. दाराच्या सागवानाला पॉलिश पेपर आणि जवसाचं तेल, बस. माळ्यावरचं सामान काढायला लावलंत, ते ठीक. पण एजंटने देव्हाराही हलवायला सांगितला होता. तो तुम्ही जागचा हलू दिला नाहीत. राहतं घर आहे, राहतं दिसू द्या, म्हणालात.

चाचा, एका गोष्टीसाठी मात्र वेगळे आभार. पुढच्या खोलीत दारासमोरच बाबांचा हार घातलेला फोटो होता. घर बघायला येणाऱ्याची पहिली नजर त्यावर पडली असती. आम्हां भावंडांपैकी कुणालाच आईला ते सांगण्याचा धीर नव्हता. तुम्ही तिच्याशेजारी बसलात, बाबांनी तुमच्याकडून माडीचा रंग करून घेतला होता त्या दिवसांबद्दल बोललात, आणि मग विचारलंत, "भाभी, साहेबांना थोडे दिवस आतल्या खोलीत तुमच्यापाशी ठेवूया का? इथे रंगाचे शिंतोडे उडतील." आईने स्वतःच फोटो उतरवला. तो कधी परत लावायचा, हे तिला कुणी विचारलं नाही. तिने तो तिच्या पलंगाजवळच ठेवला. आता तो पुण्यात तसाच तिच्या पलंगाजवळ आहे.

आणि ती रेघ. सगळा रंग झाल्यावर मधल्या खोलीच्या चौकटीवर पाण्याच्या उंचीला बारीक लाल रेघ ओढून शेजारी २०१९ लिहिलंत. एजंट रागावला. तुमचं म्हणणं साधं होतं : गावभागात घर बघणाऱ्याला पूर ठाऊक असतोच, आपण तोंड मिटलं तर त्याला वाटेल अजून काहीतरी दडवलंय.

तुमचंच खरं ठरलं. दिवाळीनंतर तासगावचं एक कुटुंब आलं. त्यांचे वडीलधारे थेट त्या रेघेपाशी थांबले. मग आईने त्यांना सगळं सांगितलं. पाणी कुठून शिरतं, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, पुरानंतर मीटर किती वर घेतलाय, घर कधी सोडायचं. ते तासभर ऐकत होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी आपला इंजिनिअर आणला, त्याने भिंती ठोकून पाहिल्या. सिटी सर्व्हेचा उतारा, वारसनोंद, घरपट्टीच्या पावत्या तयार होत्याच. किंमत थोडी खाली आली, पण विसार दिल्यावर एका रुपयाचीही घासाघीस झाली नाही.

खरेदीखताच्या वेळी वकिलांनी सांगितलं की मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पूर साऱ्या गावाला दिसतो. पण ऑइलपेंटखाली दाबलेली ओल कुणाला दिसली असती?

नव्या मालकांना माडीचा रंग करून घ्यायचा आहे आणि त्यांनी आईकडून तुमचा नंबर घेतला आहे. पहिल्या दिवशी भिंती ठोकून पाहिल्याचे आणि कागद लावायला मारलेल्या खेपांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. उरुसाला आई मिरजेला येणार आहे, मीही येईन. तेव्हा ते घ्यावेच लागतील, चाचा.

तुमची,
गावभागातली ताई