जंगलाचा कार्बन मातीतही मोजावा

संपादक महोदय,

वृक्षलागवडीची चर्चा निघाली की कार्बनाचा हिशेब खोड आणि फांद्यांपाशीच थांबतो. वास्तविक जगभरातील मातीच्या वरच्या १ मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणातील साठ्याहून हा कितीतरी अधिक आहे.

पालापाचोळा कुजून ह्यूमस (मातीतील काळसर सेंद्रिय द्रव्य) बनतो आणि तो मुळातच चिवट असल्यामुळे टिकतो, ही समजूत आता मागे पडली आहे. पानांतील बराचसा कार्बन सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून हवेत परततो. दीर्घकाळ उरणाऱ्या भागात मात्र मृत जिवाणू-बुरशींच्या अवशेषांचा आणि मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा वाटा मोठा असतो. हे रेणू चिकणमातीच्या कणांना आणि लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटले की त्यांचे विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) त्यांच्यापर्यंत सहज पोहोचता येत नाही, आणि खोल थरांतील काही कार्बन हजारो वर्षे टिकतो. जंगलातील मातीचे ढेकूळ अलगद फोडल्यास बारीक मुळे आणि बुरशीचे पांढरे तंतू कणांना बांधून ठेवताना दिसतात. त्या कणसमूहांच्या आतही सेंद्रिय द्रव्य सुरक्षित राहते.

म्हणूनच लागवडीसाठी सरसकट जमीन नांगरणे मला घातक वाटते, कारण कणसमूह फुटताच हे संरक्षण जाते. लागवडीच्या अहवालांत झाडांच्या संख्येबरोबर मातीतील कार्बनाची लागवडीपूर्वीची आणि नंतरची, खोलीनिहाय मोजमापे द्यावीत.

– एक वाचक